कोऱ्या कागदावरची सही



गुरुजींच्या स्मृतिदिनाचं व्याख्यान मी आजवर मागच्या रांगेत बसून ऐकत आलो. इथे मोहोळमध्ये पाण्यावर बोललं गेलं, ज्वारीवर बोललं गेलं, शिक्षणावर तर दर दोन वर्षांनी बोललं गेलं. यंदा मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, घरातलं आणि दुकानातलं वाय-फाय. पलीकडून प्रश्न आला, यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त होता. गेली वीस वर्षं मी या जिल्ह्यात दुकानांमधून, दवाखान्यांमधून, पतसंस्थांमधून तारा ओढतो आहे, राउटर बसवतो आहे. त्या कामात जे पाहिलं, त्यावरून मला गुरुजींचीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली, म्हणून हा विषय.

गुरुजींच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं कागद घेऊन यायची. सोसायटीचा कर्जाचा अर्ज, तलाठ्याची नोटीस, कोर्टाचं समन्स. गुरुजी कंदिलाजवळ कागद धरून एकेक ओळ मोठ्याने वाचायचे आणि मगच म्हणायचे, आता उठव अंगठा. एकदा एक म्हातारे गृहस्थ कोरा स्टॅम्पपेपर घेऊन आले होते. देणाऱ्याने सांगितलं होतं, तुम्ही फक्त खाली सही करा, वरचं आम्ही लिहून घेऊ. गुरुजींनी तो कागद घडी करून त्यांच्याच खिशात परत घातला. म्हणाले, "अण्णा, वर काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात, आणि खाली नाव तुमचं. असं करू नका." मी तेव्हा सातवीत होतो.

आज आपल्यातल्या शेकडो घरांनी असा कोरा कागद सही करून रस्त्यावर ठेवून दिलेला आहे. ही अतिशयोक्ती नाही. ती का नाही, हे आधी सांगतो.

तुम्ही इंटरनेटचं कनेक्शन घेता तेव्हा कंपनी तुमचं आधार घेते, फोटो घेते, पत्ता घेते. त्यानंतर तुमच्या घरातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट, मग तो मेल असो, पैशांचा व्यवहार असो की एखाद्या गटावर टाकलेला मजकूर असो, एका आकड्याच्या पत्त्यावरून बाहेर पडते. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. घरात दहा फोन असले तरी बाहेरच्या जगाला साधारणपणे तो एकच पत्ता दिसतो. उद्या काही आक्षेपार्ह घडलं, तर पोलीस कंपनीला विचारतात की अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी हा आकडा कोणाकडे होता. कंपनीच्या नोंदीत फोन कोणाच्या हातात होता ते नसतं. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे तेवढंच असतं. सातबाऱ्यावर नाव असावं तसं ते असतं. रानात कोण शिरलं होतं हे सातबारा सांगत नाही.

हे आपल्या महाराष्ट्रात घडून गेलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक मेल गेला होता, इंडियन मुजाहिदीन या नावाने. तपास यंत्रणांनी त्या मेलचा आयपी शोधला आणि त्या नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत पोहोचल्या. घर होतं तिथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाचं. त्याचे संगणक ताब्यात घेतले गेले, कित्येक दिवस चौकशी चालली, त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. शेवटी निष्पन्न काय झालं? त्याचं वाय-फाय उघडं होतं. कोणीतरी त्याच्या नेटवर्कच्या टप्प्यात येऊन मेल पाठवला आणि निघून गेला. पुढच्या महिन्यात, २३ ऑगस्टला, दुसरा मेल आला तो माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी आणखी एक, चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून. एक घर, एक कॉलेज, एक छोटं ऑफिस. तिघांचाही त्या कटाशी काही संबंध नव्हता. तिघांची कोरी सही मात्र वापरली गेली.

त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की आमची पथकं लॅपटॉप घेऊन फिरतील आणि उघडी नेटवर्क शोधून मालकांना समज देतील. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आदेश काढला. तेव्हा मोहोळमध्ये वाय-फाय बोटावर मोजण्याइतकं होतं. आज एसटी स्टँडपासून नागनाथ मंदिरापर्यंत चालत गेलं तर फोनच्या पडद्यावर नेटवर्कची नावं संपत नाहीत.

आता आपल्या गावात येऊ. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सेवा केंद्रातून फोन आला, नेट फार हळू चालतंय, येऊन बघा. केंद्र कुठलं ते सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नव्हती. दुकान दहा बाय बाराचं. दोन संगणक, एक प्रिंटर, बाहेर पीकविम्याच्या अर्जांची रांग. मी राउटरचं पान उघडलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी मालकाला दाखवली. दुकानातली उपकरणं मोजली तर पाच. यादीत एकोणीस.

"ही बाकीची चौदा कोणाची?" मी विचारलं.

"सर, पोरं बसतात ना समोर कट्ट्यावर. एकाला पासवर्ड दिला होता, परीक्षेचा फॉर्म भरायचा होता त्याला."

"आणि पासवर्ड काय आहे?"

ते बोलले नाहीत. दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर त्यांचा मोबाइल नंबर होता, हातभर उंचीच्या अक्षरांत.

त्याच नेटवर्कवरच्या संगणकात डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं आणि ते प्रिंटरसाठी सगळ्यांना खुलं केलेलं होतं. त्यात तीन वर्षांची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, सातबारे, जातीचे दाखले, अंगठ्यांचे ठसे उमटवलेले अर्ज. कट्ट्यावरच्या चौदापैकी कोणीही ते फोनवर उघडू शकला असता. मी स्वतः माझ्या फोनवर उघडून दाखवलं. मालकांचा चेहरा उतरला. भला माणूस. त्यांनी मला विचारलं, "पण सर, हे कनेक्शन बसवणाऱ्याने मला काहीच कसं सांगितलं नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं, कारण बसवणारा मीच होतो. २०१० च्या आसपास मी डझनावारी ठिकाणी असाच पासवर्ड टाकून दिला होता, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. ती माझी चूक आहे आणि आजच्या बोलण्यामागे तीही आहे.

आता कुलूप कसलं लावायचं? इथे थोडा वेळ थांबावं लागेल, कारण बाजारात चालणारी निम्मी कुलुपं नावाला कुलुपं आहेत.

वाय-फायचं पहिलं कुलूप १९९७ च्या मानकासोबत आलं. त्याचं नाव डब्ल्यूईपी. २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी त्याच्या गणितातली कच्ची जागा दाखवून दिली, आणि २००७ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. त्यानंतर डब्ल्यूपीए आलं, मग २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहोफ यांनी त्यातही एक फट शोधली, पण ती फोनच्या आणि राउटरच्या अपडेटने बुजवता येण्यासारखी होती. २०१८ पासून डब्ल्यूपीए३ आहे. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी' या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा. डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम, डब्ल्यूपीए२ असेल आणि पुढे एईएस असेल तर चालेल. डब्ल्यूईपी दिसलं किंवा 'ओपन' दिसलं, तर आज रात्री जेवणाआधी बदला. यंत्र इतकं जुनं असेल की त्यात दुसरा पर्यायच नाही, तर ते बदलणंच भाग आहे.

पण चांगल्या कुलपाची किल्ली पाटीवर रंगवली तर कुलपाचा दोष काय? डब्ल्यूपीए२ मध्ये फोन आणि राउटर जोडले जाताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. ते संदेश हवेतून जातात. टप्प्यात बसलेला माणूस ते टिपून घेऊन घरी जाऊ शकतो, आणि मग सावकाश, तुमच्या राउटरला काही कळू न देता, एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. नुसते आठ आकडे असतील तर एकूण शक्यता १० कोटी. माणसाला त्या आयुष्यभर पुरतील. गेम खेळण्यासाठी मुलं जे ग्राफिक्स कार्ड विकत घेतात, त्याला काही मिनिटं पुरतात. २०२१ मध्ये इस्रायलमधले एक संशोधक तेल अवीव शहरात साधं उपकरण पाठीवर घेऊन फिरले आणि ५,००० नेटवर्कची अशी माहिती हवेतून गोळा केली. त्यातले ३,५०० हून अधिक पासवर्ड त्यांनी उघडले, म्हणजे शंभरातले सत्तर. कारण सोपं होतं. तिथेही लोकांना आपला मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवायची सवय आहे. आपले दहा आकडी नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे ४०० कोटी शक्यता. पण ज्याला तुमचा नंबर माहीत आहे त्याला एकच शक्यता पुरते, आणि तालुक्याच्या गावात कोणाचा नंबर कोणाला माहीत नसतो?

मग पासवर्ड कसा असावा? माझा उपाय वाचनालयातला आहे. घरातला कोणताही शब्दकोश घ्या. डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, शब्द लिहून घ्या. असं चार वेळा करा. मनाने शब्द निवडू नका. मन निवडायला बसलं की देवाचं नाव, मुलीचं नाव, गावाचं नाव याच्यापलीकडे जात नाही. चार असंबद्ध शब्द रोमन अक्षरांत एकामागून एक लिहा आणि त्यांचं स्पेलिंग घरात एकदा ठरवून टाका. आठ हजार शब्दांच्या कोशातून असे चार शब्द उचलले तर चार हजार लाख कोटींहून अधिक जोड्या होतात. आणि आजीलासुद्धा ते पाठ होतात, कारण त्यांचं मनात काहीतरी विचित्र चित्र तयार होतं. कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं तरी हरकत नाही. आपला चोर रस्त्यावर उभा आहे, तो कपाट उघडायला येत नाही.

राउटरवर एक छोटं बटण असतं, डब्ल्यूपीएस. दाबलं की पासवर्ड न टाकता प्रिंटर जोडला जातो. सोयीचं आहे, पण त्याच्यामागे आठ आकड्यांचा एक पिन असतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबोक या ऑस्ट्रियन संशोधकाने दाखवलं की यंत्र तो पिन दोन तुकड्यांत तपासतं, आधी पहिले चार, मग पुढचे तीन, आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून काढता येतो. म्हणजे १० कोटींच्या जागी जेमतेम ११ हजार प्रयत्न. नंतरच्या पुष्कळ यंत्रांनी यावर बंदोबस्त केला, तरी माझा सल्ला एकच, हे बंद ठेवा.

काही जण मला अभिमानाने सांगतात, आम्ही नेटवर्कचं नाव लपवलंय, कोणाला दिसतच नाही. किंवा आम्ही ठरावीक फोनचेच मॅक नंबर, म्हणजे वाय-फायसाठीचे ओळख-क्रमांक, आत घेतो. दोन्ही उपायांचा उपयोग नाही. लपवलेलं नाव तुमचा स्वतःचाच फोन जोडला जाताना हवेत उच्चारतो, आणि फोनचा तो मॅक नंबर उघड्यावर फिरत असतो, कोणीही त्याची नक्कल करू शकतो. त्यात घालवलेला वेळ चांगल्या पासवर्डात घाला.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जवळपास कोणीच तो मनावर घेत नाही. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड वेगळा. पहिला घरात येण्याचा, दुसरा घराच्या भिंती हलवण्याचा. हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून येतो तसाच राहतो. पुष्कळ ठिकाणी नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. आत शिरलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

तो काय करू शकतो? कालव्याचं पाणी आपल्या रानाला यायचं असतं, आपण रात्री दारं धरायला जातो, आणि वर कोणीतरी दार फिरवून पाणी दुसरीकडे वळवलेलं असतं. पाट तोच, आवाज तोच, पण पाणी दुसऱ्याच्या उसात. राउटरमध्ये डीएनएस नावाची एक जागा असते. आपण बँकेचं नाव टाइप केलं की ते नाव कोणत्या पत्त्यावर आहे हे तिथे विचारलं जातं. ती जागा बदलली की तुम्ही टाइप करता बरोबर आणि पोहोचता बनावट पानावर. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. एक लाखाहून अधिक राउटर, त्यातले बहुतेक त्या एकाच देशातले, असे वळवले गेले होते. पुष्कळांत शिरकाव झाला तो साध्या, सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डमुळे. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातले साठेक ठरलेले पासवर्ड लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट कित्येक तास बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा कोणाची चाकरी करतोय याचा पत्ता नव्हता. मोहोळमध्ये आज कांद्याच्या चाळीवर, गोठ्यावर, ज्वेलरच्या दुकानात कॅमेरे आहेत. त्यांचे पासवर्ड बसवले त्या दिवशीचेच असतील तर ते बदला. राउटरमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' नावाची सोय चालू असेल तर बंद करा, आणि अपडेट आलं की टाळू नका.

मला एक आक्षेप हमखास ऐकायला मिळतो, आणि त्याच्याकडे मी आदराने बघतो. लोक म्हणतात, शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा याच गावात मी पाहिलंय, एका घराच्या नेटवर तीन घरांची लेकरं ओट्यावर बसून शिकत होती. ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. दुष्काळात विहीर खुली ठेवणारी माणसं आपण. पण विहीर खुली ठेवणारा माणूस घराची तिजोरी विहिरीच्या काठावर ठेवत नाही. बऱ्याच नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यातून इंटरनेट मिळतं, पण तुमच्या संगणकापर्यंत, प्रिंटरपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. शेजारी, पाहुणे, गिऱ्हाईक, कट्ट्यावरची मुलं, सगळ्यांना तो द्या आणि दर महिन्याला बदला. जाणारा मेल मात्र तुमच्याच नावावर जातो, म्हणून द्यायचं ते ओळखीच्या माणसाला, तोंड बघून. पाटीवर लिहून नाही.

दवाखाना, पतसंस्था, करसल्लागार, सेवा केंद्र चालवणाऱ्यांना आणखी एक सांगतो. तुमच्याकडची कागदपत्रं तुमची नाहीत, ती लोकांनी तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे, पण कायदा नसता तरी ती होतीच. काम झालं की गिऱ्हाइकाचं आधार पुसून टाका. कामाचे संगणक एका नेटवर्कवर, कॅमेरे आणि गिऱ्हाईक दुसऱ्यावर. नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला, तो कितीही चांगला असला तरी. आणि पैशाची फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत केलेल्या तक्रारीत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

त्या सेवा केंद्राचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही दुपारी शटर अर्धं खाली ओढून बसलो. शब्दकोश नव्हता, म्हणून मालकांच्या मुलीचं पाचवीचं मराठीचं पुस्तक घेतलं आणि तिनेच डोळे मिटून चार शब्द काढले. मालक एकेक अक्षर टाइप करत होते. पासवर्ड बदलला आणि यादीतली एकोणीस उपकरणं एकदम शून्य झाली. मग एकेक परत आलं. पहिला संगणक, दुसरा संगणक, मालकांचा फोन, त्यांच्या पत्नीचा फोन. प्रिंटरने फार छळलं, पाऊण तास गेला. लोक हे काम टाळतात ते या पाऊण तासाच्या भीतीने, हे मला माहीत आहे. बाहेर कट्ट्यावरून एक मुलगा आत डोकावला आणि म्हणाला, "काका, नेट गेलं का?" मालकांनी त्याला आत बोलावलं, कशासाठी हवंय ते विचारलं, आणि पाहुण्यांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला.

उद्या रविवार आहे. सकाळी दहापासून एकपर्यंत मी इथेच, वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना आपल्या राउटरचं पान कसं उघडायचं ते माहीत नाही, त्यांनी राउटर आणि त्याचा चार्जर पिशवीत घालून घेऊन या. त्याच्या तळाला एक स्टिकर असतं, त्यावर नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. त्या स्टिकरचा फोटो काढून कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, मलाही पाठवू नका. यंत्र घेऊन या. आणि येताना घरातल्या एखाद्या पोराला बरोबर आणा, शब्द काढायला.